सगुणाची डाकवही

सगुणा मढवी सही घेतल्याशिवाय कागद सोडत नसे. मग समोर साहेब असो नाहीतर साहेबाचा बाप. वाशीतल्या एका सरकारी कार्यालयात ती शिपाई होती. कुठल्या खात्याचं ते विचारू नका, आतून सगळी सारखीच. बाहेर पोचवायची डाक तिच्याकडे असायची. खांद्याला खाकी पिशवी आणि पिशवीत लाल पाठीची लांबट डाकवही. कागद कसला, कुणाला दिला, कधी दिला आणि घेणाऱ्याची सही, एवढंच त्या वहीत असे. "ठेव तिथं, नंतर करतो सही," असं कुणी म्हटलं की ती तिथंच खांबासारखी उभी राही. "मी हाय हितंच. मना काय घाई नाय." दोन मिनिटांत सही मिळे.

शिक्षण सातवी. पण अकरा वर्षं कागद वाहून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. सरकारी पत्राचा मजकूर वाचत बसायचं कारण नसतं, तो सगळीकडे तोच. बघायचं ते वर, 'संदर्भ' म्हणून दोन-तीन ओळी असतात तिथं. हे पत्र कुठल्या कागदावरून निघालं, त्याचा नंबर काय, तारीख काय. तिथं खोटं बोलायचं कारकुनांना सुचत नाही, कारण तिथं हात सवयीनं चालतो.

आणि या कार्यालयात तर संदर्भ नसलेलं पत्र बाहेर पडूच शकत नसे. हेडक्लार्क नंदकिशोर साळगावकर त्या बाबतीत महाकर्मठ. साहेबांच्या मुलीच्या लग्नाचं निमंत्रण बोर्डावर लावायचं होतं, ते टायपिस्ट वैजयंतीनं छान टाईप करून दिलं, तर या गृहस्थानं लाल पेननं गोल करून परत पाठवलं. "संदर्भ कुठाय?" शेवटी 'संदर्भ: लग्नपत्रिका' असं घातलं तेव्हा कुठे ते बोर्डावर लागलं. लोक आठवडाभर हसत होते. मात्र दुसऱ्याचा कागद असा तपासणारा हा माणूस डाकवहीत सही करताना कधी खाली बघायचा नाही. फोनवर बोलता बोलता कोंबडीचा पाय काढायचा आणि वही ढकलून द्यायचा.

सगुणाला नोकरी कुणी ताटात वाढून दिली नव्हती. घणसोली गावात तिच्या बापाची खाडीकडे दोन एकर भातशेती होती, ती नव्या शहराच्या पोटात गेली. बदल्यात प्रकल्पग्रस्ताचा दाखला आला, घराला एक नोकरी. बापाला मुलगा नाही. भावकी म्हणाली, जावयाच्या नावावर कर. म्हातारा उखडला. "जमीन माझी, पोरगी माझी. मधी जावई कुठशी आला?" आणि दाखला सगुणाला दिला. ती खाकी पिशवी म्हणजे बापाची दोन एकर, असं सगुणा मानायची, आणि त्यात चूक काय होतं?

जावई म्हणजे पोपट. मार्केटात टेम्पो चालवायचा. मालकाशी मारामारी करून घरी बसला, तेव्हा सगुणानं आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा केला. साहेबांच्या पाया पडून नवऱ्याला ड्रायव्हर म्हणून त्याच कार्यालयात चिकटवलं. स्वतःच्या हातानं! दोन वर्षांत तो साहेबांच्या जीपवर गेला. साहेबांचा ड्रायव्हर म्हणजे अर्धा साहेब. साहेब कुठे जातात, कुणाकडे जेवतात, बाईसाहेबांना काय सांगायचं आणि काय नाही, सगळं त्याच्या पोटात. असल्या माणसाला कोण दुखावणार?

आणि हा अर्धा साहेब घरी आला की बायकोवर हात उचलायचा. कारण लागत नव्हतं, आणि द्यायचंच झालं तर एकच द्यायचा. "तुझ्या बापानं मना नालायक ठरवला." अरे, मेलेल्या म्हाताऱ्याचा राग जिवंत बाईवर किती वर्षं काढशील? दहा वर्षं काढला. एका रविवारी भर दुपारी त्यानं तिचा उजवा हात दाराच्या चौकटीवर धरून पिळला. शेजारच्या मुक्ताबाईंनी आवाज ऐकला आणि धावत येऊन तिला दवाखान्यात नेलं. कोपराखाली दोन्ही हाडं मोडली होती.

सोमवारी सगुणा प्लास्टर घालून कामावर हजर. साहेबांनी विचारलं, "काय गं, पडलीस कुठे?"

"पडले नाय, साहेब. पोपटनं मोडला."

साहेबांनी फाईल उघडली आणि तोंड तिच्यात घातलं. "घरचं घरी ठेवावं, सगुणा."

बाहेर साळगावकर टेबलावरून म्हणाले, "अगं, भांड्याला भांडं लागायचंच. संसार म्हटला की आलं."

"भांडं नाय वाजलं, साळगावकरसाहेब," सगुणा म्हणाली, "हाड वाजलं."

सगळं कार्यालय वर बघत होतं, पंख्याकडे. पंधरा माणसं! त्यातली निम्मी तिच्या हातचा चहा रोज पीत होती. खाली जीपपाशी पोपट जॉनी लिव्हरसारखे विनोद करून चौकीदाराला हसवत होता, आणि वर त्याच्या बायकोला साळगावकर सांगत होते, "प्लास्टर आहे ते ठीक, पण डाकेला उशीर नको." महिनाभर तिनं डाव्या खांद्यावर पिशवी वाहिली आणि डाव्या हातानं डाकवही लिहिली. एक सही चुकवली नाही.

प्लास्टर निघालं त्याच शनिवारी ती सकिना मुकादम वकिलांकडे गेली. या बाई मूळच्या उरणकडच्या, वाशीत एका महिला संघटनेच्या खोलीत बसायच्या. बोलायला कडक, पण अर्धा शब्द ऐकून उरलेलं समजणाऱ्या. त्यांनी ठाण्याच्या कोर्टात अर्ज केला आणि शहाण्णव सालच्या ऑगस्टात हुकूम मिळवला. पोपटनं सगुणाच्या घणसोलीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. घरी, रस्त्यात, कामावर, कुठेही तिच्या जवळ जायचं नाही. आणि शेवटी एक ओळ होती. दोघंही सरकारी नोकर, म्हणून आदेशाची प्रत कार्यालयाला जाईल आणि या माणसावर नियमानुसार काय कार्यवाही केली त्याचा अहवाल कार्यालयानं पुढच्या तारखेला द्यायचा.

सगुणाला त्या ओळीचंच जास्त वाटलं. घराला कुलूप ती लावू शकत होती. पण कार्यालयात तिचं स्टूल आणि पोपटचं स्टूल साहेबांच्या केबिनबाहेर, मध्ये चार पावलं. त्याला तिथून हलवलं तरच तिला ती नोकरी करता येणार होती. नाहीतर बापाची दोन एकर दुसऱ्यांदा जाणार होती.

कोर्टाचा बेलीफ लिफाफा घेऊन आला तेव्हा ती समोरच पाणी भरत होती. तो सही न घेताच लिफाफा टेबलावर ठेवून गेला, ते तिला खटकलंच. साळगावकरांनी लिफाफा फोडला, वाचला, आवक रजिस्टरात चढवला, शिक्का मारला आणि टेबलाच्या खणात घालून किल्ली फिरवली. मग केबिनमध्ये गेले. आतून साहेबांचं हसणं ऐकू आलं.

आठवडा गेला, दुसरा गेला. पोपट त्याच स्टुलावर. मुद्दाम पाय लांब करून बसायचा, तिला ट्रे घेऊन वळसा घालून जावं लागायचं. "कोर्ट ठाण्याला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "आपण इथं. काय टेन्शन नाय." सगुणानं साळगावकरांना विचारलं तर ते चष्मा पुसत म्हणाले, "कसली ऑर्डर? आमच्याकडे काही आलेलं नाही." तोंडावर, अहो! जिच्या डोळ्यांसमोर किल्ली फिरवली तिलाच!

त्यामुळे पोपटची हिंमत वाढायची ती वाढलीच. एका शनिवारी दुपारी पोपट सरकारी जीप घेऊन थेट घणसोलीत गेला, खोलीचं कुलूप तोडलं आणि सगुणाचे कपडे, भांडी, बापाचा फोटो गल्लीत भिरकावला. गावानं पाहिलं. जीपच्या दारावरचं सरकारी नावसुद्धा पोरांनी मोठ्यानं वाचलं. सगुणा घरी आली तेव्हा मुक्ताबाई रस्त्यातून वाट्या वेचत होत्या.

सोमवारी तिनं लेखी तक्रार केली. लिहून दिली वैजयंतीनं. साळगावकरांची डाकवहीत सही घेतली. ती त्यांनी न बघताच केली. चौथ्या दिवशी दुपारी तिच्या हातात दोन लिफाफे पडले.

पहिला मेमो. आपण कार्यालयाची पूर्वपरवानगी न घेता न्यायालयात दाद मागितली, हा वर्तणूक नियमांचा भंग आहे, आपल्यावर शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. दुसरा बदलीचा हुकूम. सगुणा मढवी, शिपाई, यांची बदली उरणच्या उपकार्यालयात. घणसोलीहून दोन बस बदलून, येऊन-जाऊन पाच तास. पोपट मढवी, वाहनचालक, जागच्या जागी.

सगुणा दार न वाजवता केबिनमध्ये शिरली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"साहेब, ही परवानगी कसली?"

साहेबांनी हात वर केला. "नियम आहे, सगुणा. सरकारी नोकरानं न विचारता कोर्टात जायचं नसतं."

"आणि मार खायचा तो इचारून खायचा का? माझा हात मोडला तवा त्यानं तुमची परवानगी घेतलेली? दाखवा मना, कुठल्या फाईलीत हाय!"

"आवाज खाली."

"नाय होनार खाली! दहा वर्सं खालीच व्हता." "हात माझा मोडला, घर माझं फोडलं, आनि उरनला मी जायचं? मी काय केलं? माझ्या बापाच्या शेतावर तुमची शहरं उभी केली, तवा कुनी परवानगी मागितली आमची?"

साहेबांनी बेल दाबली. बेल ऐकून आत जायचं काम सगुणाचंच होतं, त्यामुळे कुणी आलं नाही. शेवटी साळगावकर आले आणि म्हणाले, "अगं, तुझ्याच भल्यासाठी. कोर्टच म्हणतंय ना लांब राहा? मग तू लांब जा."

त्या संध्याकाळी बेसिनपाशी वैजयंतीनं तिला गाठलं. कोपरखैरण्यात राहणारी, भिडस्त, कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारी बाई. रडून डोळे सुजले होते. "सगुणाबाई, उद्या तुमच्याकडे ठाण्याच्या कोर्टात द्यायचा लिफाफा येईल, हातोहात पोचवायचा. त्यात लिहिलंय की आदेश कार्यालयाला मिळालेलाच नाही, म्हणून कार्यवाही झाली नाही. मीच टाईप केलंय. साहेब मागे उभे होते. तुम्ही तो फाडून टाका. मी काही बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी खरंच तो लिफाफा तिच्या पिशवीत आला. नीचपणाची हद्द बघा. बाईचा गळा कापायचा, आणि सुरी तिच्याच हातानं पोचती करायची. ठाण्याच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि तिला वाटलं, खरंच फाडावा, खाडीत फेकावा. हात पिशवीत गेला. हाताला आधी लागला तो तिचा स्वतःचा बदलीचा हुकूम. रागाच्या भरात तिनं त्यातलं फक्त 'उरण' वाचलं होतं. आता सवयीनं नजर वर गेली.

'संदर्भ: १) आपला तक्रार अर्ज. २) मा. न्यायालयाचा आदेश, कार्यालयीन आवक क्रमांक १८६४, दिनांक ९ ऑगस्ट १९९६.'

तिनं ते तीनदा वाचलं. मग ती मोठ्यानं हसली. शेजारची म्हातारी दचकून सरकली. साळगावकर, तुमच्या संदर्भाला दंडवत! खोटं बोलायला बसलात, पण सवय कुठे जाणार? जित्याची खोड.

कोर्टात जाऊन तिनं लिफाफा दिला आणि डाकवहीत सही घेतली. खोटा कागद आहे ना, मग तो तर वेळेवर पोचलाच पाहिजे. तिथून ती सकिना वकिलांकडे गेली आणि बदलीचा हुकूम त्यांच्या टेबलावर ठेवला. वकीलबाईंनी संदर्भाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललंच नाही. मग मेमो वाचला आणि भडकल्या. "हा परवानगीचा नियम कार्यालयाच्या कामाबद्दलचा आहे. नवऱ्याचा मार हे काय कार्यालयीन काम आहे?"

तारखेला कार्यालयाच्या वतीनं साळगावकर आले होते, इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाईल. न्यायाधीशांनी आधी कार्यालयाचं पत्र वाचलं, मग बदलीचा हुकूम.

"आदेश तुम्हाला मिळाला नाही?"

"नाही, सर."

"मग जो मिळालाच नाही, त्याच्या संदर्भानं तुम्ही या बाईंची बदली कशी केली?"

साळगावकरांनी फाईल उघडली, बंद केली. "सर, ती टायपिस्टची चूक..."

"टायपिस्टला आवक क्रमांक स्वप्नात दिसला? तारखेसकट?"

मागे कुणीतरी हसलं. सगुणा हसली नाही. ती साळगावकरांच्या मानेवरचा घाम बघत होती, आणि तिला दया आली नाही. हा माणूस घरी जाऊन जेवणार होता, आणि तिच्या भांड्यांना अजून गल्लीतले पोचे होते.

न्यायाधीशांनी हुकूम दिला की आठ दिवसांत कार्यालयप्रमुखांनी स्वतः हजर राहायचं, सोबत आवक रजिस्टर आणि कार्यवाहीचा अहवाल. खोटं लिहून दिल्याबद्दल काय करायचं ते तेव्हा बघू.

मग काय विचारता! जो कागद दीड महिना खणातून हलत नव्हता, तो एका दिवसात चार टेबलं फिरला. सगुणाची बदली रद्द. मेमोची फाईल गुपचूप बंद. पोपट मढवी, वाहनचालक, न्यायालयाचा आदेश मोडला आणि सरकारी वाहन त्यासाठी वापरलं म्हणून निलंबित. माफी? माफीचा एक शब्द कुणी बोललं नाही. बोलायला तसा संदर्भच नव्हता त्यांच्याकडे! साहेब तिच्याकडे न बघता केबिनमध्ये जात, आणि जी कालपर्यंत 'तू' होती ती साळगावकरांची 'तुम्ही' झाली, एवढंच.

निलंबनाचा आदेश टाईप होऊन, साहेबांची सही होऊन बाहेर आला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. साळगावकरांनी लिफाफा बंद केला आणि अकरा वर्षांच्या सवयीनं सगुणापुढे धरला. "सगुणाबाई, एवढा आजच पोचवा. कोपरखैरण्याला मित्राकडे राहतो तो."

सगुणा स्टुलावरून उठली नाही.

"मी नाय नेनार."

"अहो, डाक तुमच्याकडे असते."

"कोर्टाचा हुकूम हाय, त्यानं माझ्या जवळ यायचं नाय. मी कागद घेऊन त्याच्या दारात गेले तर हुकूम कोन मोडतंय? आता तर मिळालाय ना तुमाला हुकूम?"

साळगावकरांनी इकडेतिकडे पाहिलं. दुसरा शिपाई सिताराम रजेवर होता. कारकून माना खाली घालून बसले होते, वैजयंतीचं मशीन थांबलं होतं. आतून साहेबांचा आवाज आला, "साळगावकर, तो लिफाफा आजच गेला पाहिजे. तुम्ही स्वतः जा हवं तर!"

बाहेर ऑक्टोबरचं ऊन रखरखत होतं. साळगावकरांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, आणि सगुणाकडे हात पुढे केला. "द्या ती वही."

तिनं पिशवीतून डाकवही काढली, पान उघडलं आणि आपल्या मोठ्या, वाकड्या अक्षरात सावकाश एक नोंद लिहिली. वही त्यांच्यापुढे सरकवली. "लिफाफा न्यायला घेतला म्हनून आधी तुमची सही."

त्यांनी पेन काढलं आणि मान वर ठेवूनच हात फिरवायला गेले. सगुणानं पानावर आपला उजवा हात ठेवला. नीट जुळला नव्हता तो, कोपराखाली जरा वाकडाच राहिला होता.

"वाचून," ती म्हणाली.

साळगावकर खाली वाकले. वहीत लिहिलं होतं, 'पोपट मढवी यास कामावरून निलंबनाचा आदेश. संदर्भ: सगुणा मढवीचा मोडलेला हात.'

"हे काय लिहिलंत? असा संदर्भ चालत नाही."

"संदर्भाशिवाय कागद बाहेर जात नाय, तुमीच सांगता," सगुणा म्हणाली. "आनि हा खोटा असंल तर खोडा. माझ्यासमोर खोडा."

कुणी पंख्याकडे बघत नव्हतं. साळगावकरांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली, पेन टेकवलं आणि पूर्ण नाव लिहून सही केली. मग लिफाफा आणि डाकवही सगुणाच्या खाकी पिशवीत घातली, ती खांद्याला अडकवली आणि जिना उतरले.